घटक ४ : हंसा वाडकर – रूपेरी पडद्यापासून आत्मकथनापर्यंत

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

- हंसा वाडकर यांच्या जीवनाचा कालक्रमानुसार परिचय करून देता येईल.
- मराठी चित्रपटाच्या इतिहासातील त्यांचे स्थान सांगता येईल.
- 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनाच्या निर्मितीची प्रक्रिया व तिचे वेगळेपण स्पष्ट करता येईल.
- सांगितलेले आत्मकथन आणि लिहिलेले आत्मचरित्र यांतील भाषिक फरक ओळखता येईल.

४.२ प्रस्तावना

मागील घटकात आपण लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचा परिचय करून घेतला. विशेष औपचारिक शिक्षण नसलेली एक स्त्री केवळ अनुभवाच्या व बोलीच्या बळावर मराठी गद्याला केवढे वैभव देऊ शकते, हे तेथे आपण पाहिले. प्रस्तुत घटकात अशाच एका स्त्रीची ओळख करून घ्यावयाची आहे. तिचे जग मात्र सर्वस्वी वेगळे आहे. लक्ष्मीबाईंच्या पाठीशी एका कवीचे घर होते. हंसाबाईंच्या पाठीशी होता तो चित्रीकरणाचा प्रखर प्रकाश आणि त्या प्रकाशापलीकडचा अंधार.

मराठीत चित्रपट-अभिनेत्रींनी केलेल्या लेखनाची परंपरा लहान असली तरी लक्षणीय आहे. शांता आपटे यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. पुढे स्नेहप्रभा प्रधान यांचे 'स्नेहांकिता', लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत', दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' आणि शांता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात' ही पुस्तके आली. या सर्वांत हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक आकाराने छोटेखानी आहे. परंतु ते प्रसिद्ध होताच वाचकांनी हातोहात उचलले आणि आजही ते वाचले जाते. एखादी कादंबरी वाचावी तसे ते वाचले गेले. फरक एवढाच, की या कादंबरीची नायिका जिवंत होती आणि ती स्वतःच बोलत होती.

४.३ घराणे आणि बालपण

हंसा वाडकर यांचा जन्म २४ जानेवारी १९२३ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे मूळ नाव रतन भालचंद्र साळगावकर. घराण्याची मुळे सावंतवाडीच्या परिसरात होती आणि त्या घराण्याला कलावंतिणींची परंपरा होती.

ही पार्श्वभूमी समजून घेतल्याशिवाय पुढील जीवनाचा अर्थ लागणार नाही. दक्षिण कोकण व गोमंतक या प्रदेशांत देवळांशी निगडित असलेल्या कलावंतिणींच्या घराण्यांनी गायन आणि नृत्य या कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका याच परंपरेतून पुढे आल्या. समाजाने या स्त्रियांची कला ऐकली, पाहिली, तिच्यावर पैसा उधळला. मात्र त्यांना लग्नाचा व घराचा मान दिला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या समाजात सुधारणेचे वारे वाहू लागले. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. लग्न करून प्रतिष्ठित गृहस्थी थाटावी, मुलींना या व्यवसायापासून दूर न्यावे, ही आकांक्षा अनेक घरांत मूळ धरू लागली.

रतनचे बालपण नेमके या संधिकाळातले. घरात संगीत होते, विवाहित आईवडिलांचा संसार होता. परंतु वडिलांच्या व्यसनामुळे आर्थिक ओढग्रस्त कायम होती. शालेय शिक्षण अर्धवट राहिले. घरातील कोणी तरी कमावणे भाग होते आणि कमावण्याजोगी गोष्ट म्हणजे त्या अल्पवयीन मुलीचे रूप व अंगची कला. प्रतिष्ठित संसाराच्या दिशेने निघालेल्या या कुटुंबाचा खर्च भागविण्यासाठी मुलीला पुन्हा लोकांसमोर उभे राहावे लागले, हा या जीवनातील पहिला विरोधाभास होय.

४.४ चित्रपटसृष्टीत प्रवेश

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार केला, तेव्हा तारामतीची भूमिका करण्यास स्त्री मिळाली नव्हती. ती एका पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले. पुढे १९३२ साली बोलपटांचे युग मराठीत 'अयोध्येचा राजा' या चित्रपटाने सुरू झाले आणि दुर्गा खोटे यांच्यासारखी प्रतिष्ठित घरातील स्त्री पडद्यावर आली, याचीच मोठी चर्चा झाली. अभिनय करणाऱ्या स्त्रीकडे संशयाने पाहण्याची दृष्टी मात्र त्यामुळे संपली नाही.

रतनची आत्या इंदिराबाई वाडकर या त्या काळी चित्रपटांत काम करीत होत्या. रतन चित्रपटात आली तेव्हा तिने साळगावकर हे आडनाव बाजूला ठेवून वाडकर हे आडनाव घेतले आणि हंसा हे नवे नाव धारण केले. घराण्याचे नाव पडद्यावर जाऊ नये, ही त्यामागील भावना होती. विद्यार्थ्यांनी या नामांतराकडे लक्ष द्यावे. ज्या घराला या मुलीची कमाई हवी होती, त्याच घराला तिच्या कमाईचा मार्ग आपल्या नावाशी जोडला जाणे नको होते.

'विजयाची लग्ने' हा त्यांचा पहिला चित्रपट १९३६ साली आला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. त्यानंतर लहानमोठ्या कंपन्यांत कामे करीत त्या मालाड येथील बॉम्बे टॉकीज या संस्थेत पोहोचल्या. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी उभारलेली ही संस्था शिस्त व तांत्रिक सफाई यांसाठी नावाजलेली होती. फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाच्या 'नवजीवन' (१९३९) या चित्रपटात हंसाबाईंना नायिकेची भूमिका मिळाली. 'दुर्गा' (१९३९) आणि 'आझाद' (१९४०) या चित्रपटांतही त्यांनी कामे केली. अवघ्या चार वर्षांत ही मुंबईची मुलगी हिंदी चित्रपटाच्या पहिल्या रांगेत जाऊन पोहोचली होती.

४.५ प्रभात ते राजकमल : कीर्तीचा काळ

१९४१ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत सखू' हा चित्रपट प्रदर्शित केला. दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटात हंसाबाईंनी सखूची भूमिका केली. सासुरवास सोसणारी, पंढरीची ओढ लागलेली सखू मराठी माणसाला कीर्तनांतून परिचित होतीच. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) या चित्रपटांनी संतपटाचा जो आदर्श निर्माण केला होता, त्याच मालिकेत ही भूमिका शोभून दिसली. कलावंतिणीच्या घराण्यातील मुलगी संतस्त्रीच्या रूपात घरोघरी पोहोचली. प्रभातच्याच 'रामशास्त्री' (१९४४) या चित्रपटातही त्या दिसल्या. पण तेथे त्या नर्तकी होत्या. संत आणि नर्तकी, या दोन टोकांमध्ये हंसाबाईंच्या भूमिकांचा लंबक पुढे आयुष्यभर हलत राहिला.

त्यांच्या कीर्तीचा कळस म्हणजे 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) हा चित्रपट. व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडल्यानंतर मुंबईत राजकमल कलामंदिर ही संस्था स्थापन केली होती. तिच्या या चित्रपटात पेशवाईच्या उत्तरार्धातील सोलापूरच्या रामजोशींची कथा आहे. जयराम शिलेदार यांनी रामजोशींची आणि हंसाबाईंनी बया या तमासगीर स्त्रीची भूमिका केली. ग. दि. माडगूळकर यांचे लेखन, वसंत देसाई यांचे संगीत आणि हंसाबाईंचे नृत्य व मुद्राभिनय यांमुळे हा चित्रपट अफाट लोकप्रिय झाला. मराठीत तमाशापटांचा जो प्रवाह पुढे दोन-तीन दशके वाहिला, त्याचा उगम अभ्यासक याच चित्रपटात पाहतात.

१९५० साली राजा परांजपे दिग्दर्शित 'पुढचं पाऊल' हा चित्रपट आला. त्यात पु. ल. देशपांडे यांच्यासमवेत हंसाबाईंनी काम केले. ग्रामीण व लोककलेच्या पार्श्वभूमीवरील कथांत त्यांचे नाव आता अपरिहार्य ठरले. आपल्या बीड जिल्ह्यासारख्या भागांत तेव्हा चित्रपटगृहे मोजकीच होती. यात्रेत तंबू ठोकून दाखविला जाणारा सिनेमा हीच गावोगावच्या लोकांची करमणूक होती. जमिनीवर बसून, तिकिटाचे आणे मोजून ज्या पिढीने तमाशापट पाहिले, त्या पिढीला हंसा वाडकर हे नाव वेगळे सांगावे लागत नाही.

४.६ संसार : दुसऱ्याच्या हातातील कमाई

पडद्यावरील वैभवाच्या मागे जे चालले होते, ते हंसाबाईंनी पुढे स्वतःच सांगितले. अगदी लहान वयात त्यांचा विवाह जगन्नाथ बांदरकर यांच्याशी झाला. बांदरकर वयाने बरेच मोठे होते आणि कुटुंबाच्या पूर्वपरिचयाचे होते. या विवाहाला घरातून विरोध असतानाही हंसाबाईंनी हट्टाने तो केला. त्यांच्या मनात एक साधी अपेक्षा होती. लग्नानंतर चित्रपट सोडावा, घर सांभाळावे, मुले वाढवावीत आणि चारचौघींसारखे जगावे. घराण्यात जे पूर्वी मिळाले नव्हते, ते आपल्याला मिळावे, ही ती ओढ होती.

ती पूर्ण झाली नाही. आधी माहेरला त्यांची कमाई हवी होती. आता ती संसारालाही हवी झाली. पती त्यांच्या कामांचे करार पाहू लागले, पैसा त्यांच्या हाती जाऊ लागला आणि त्याच वेळी पत्नी परपुरुषांसमवेत काम करते म्हणून संशयही वाढू लागला. काम करणे बंधनकारक आणि काम केल्याबद्दल दोषही पदरी, अशी ही कोंडी होती. मातृत्वाची तीव्र इच्छा असताना गर्भपातांना सामोरे जावे लागल्याचे दुःखही त्यांनी लपविले नाही. एक कन्या त्यांना लाभली. परंतु घर त्यांच्या मनासारखे कधीच झाले नाही. या ताणात मद्याची सवय जडली आणि ती वाढत गेली.

येथे आपल्या परिसरातील एका परिचित वास्तवाचा उल्लेख करणे अप्रस्तुत ठरणार नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मोळ्या दोघेही बांधतात. उचल मात्र बहुधा पुरुषाच्या हाती पडते. स्त्री कमावते, पण तिची कमाई वेगळी मोजलीच जात नाही. मुंबईच्या स्टुडिओतील नायिका आणि उसाच्या फडातील बाई यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरे. तरीही श्रम एकीचे आणि हिशेब दुसऱ्याचा, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आढळते. या पुस्तकाचे अध्यापन करताना माझ्या वर्गातील ज्या विद्यार्थिनींना चित्रपटसृष्टीविषयी काहीही माहिती नव्हती, त्यांना हा भाग समजावून सांगण्याची गरज पडली नाही, असा माझा अनुभव आहे.

४.७ मराठवाड्यातील वर्षे

हंसाबाईंच्या जीवनातील सर्वांत विलक्षण पर्व मराठवाड्याशी निगडित आहे. घरातील कलहाला कंटाळून त्या एका रात्री घराबाहेर पडल्या आणि एका परिचित गृहस्थासमवेत मराठवाड्यातील त्याच्या गावी गेल्या. तेथे गेल्यावर त्यांना कळून चुकले, की या वाड्यात आपले स्थान आधीच्या पत्नींनंतरचे आहे आणि वाड्याबाहेर पडण्याची मोकळीक आपल्याला नाही. सुमारे तीन वर्षे त्या तेथे राहिल्या. ज्यांचा चेहरा सर्व महाराष्ट्र ओळखत होता, त्या अभिनेत्रीने ही वर्षे डोक्यावर पदर घेऊन, चुलीपाशी आणि देवघरापाशी काढली.

या प्रसंगाचा अर्थ एकेरी नाही, हे अभ्यासकाने ध्यानी घ्यावे. हंसाबाईंना जी गृहस्थी हवी होती, ती एका अर्थी त्यांना येथे मिळाली. घरकाम, सणवार, गोतावळा, सर्व काही होते. नव्हते ते एवढेच, की दार आतून उघडत नव्हते. आयुष्यभर ज्या चौकटीची ओढ लागली होती, तीच चौकट बंदिवासाची ठरू शकते, हा अनुभव त्यांनी येथे घेतला. अखेर त्यांनी पतीला निरोप पाठविला आणि पोलिसांच्या मदतीने त्यांची सुटका झाली. परंतु या सुटकेच्या वेळीही, ज्याच्या हाती कायदा होता अशा एका अधिकाऱ्याने आपल्यावर अत्याचार केल्याचे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. साठच्या दशकातील मराठी समाजात एखाद्या प्रसिद्ध स्त्रीने हे स्वतःच्या नावानिशी सांगणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

४.८ 'सांगत्ये ऐका' : चित्रपट

१९५९ साली अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट प्रदर्शित झाला. व्यंकटेश माडगूळकर यांची पटकथा, ग. दि. माडगूळकर यांची गीते, वसंत पवार यांचे संगीत आणि चंद्रकांत, सूर्यकांत, जयश्री गडकर यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटाने लोकप्रियतेचा विक्रम केला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला.

या चित्रपटाने जयश्री गडकर यांच्या रूपाने तमाशापटाला नवी नायिका दिली. छत्तीस वर्षांच्या हंसाबाई येथे प्रौढ कलावंतिणीच्या भूमिकेत होत्या. एक पिढी मागे सरकत होती, दुसरी पुढे येत होती. चित्रपटाचे यश प्रचंड होते. परंतु हंसाबाईंच्या कारकिर्दीचा उतार त्यानंतर थांबला नाही. कामे कमी होत गेली, प्रकृती ढासळत गेली. मात्र या चित्रपटाने त्यांना एक अनमोल देणगी दिली. ती म्हणजे त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक.

४.९ कथनापासून पुस्तकापर्यंत

साठच्या दशकात पुण्यातील 'माणूस' हे श्री. ग. माजगावकर यांनी चालविलेले नियतकालिक नव्या विषयांच्या व नव्या लेखकांच्या शोधात होते. तरुण पत्रकार अरुण साधू यांनी हंसाबाईंची भेट घेऊन त्यांचे जीवन त्यांच्याच तोंडून ऐकले व त्याचे शब्दांकन केले. हे कथन प्रथम 'माणूस'मधून प्रसिद्ध झाले आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने ते पुस्तकरूपाने काढले. पुढे 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांमुळे ख्यातनाम झालेले साधू यांनी या पुस्तकात स्वतःला मागे ठेवले. पुस्तकात बोलतात त्या हंसाबाईच.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. लेखणी दुसऱ्याच्या हातात असताना हंसा वाडकर यांना लेखिका म्हणावे काय? केवळ कागदावर अक्षरे उमटविणे म्हणजे लेखन, अशी व्याख्या स्वीकारली तर उत्तर नकारार्थी येईल. परंतु मराठी वाङ्मयाचा इतिहास या व्याख्येला दुजोरा देत नाही. चक्रधरस्वामींची वचने शिष्यांनी नोंदवून ठेवली. म्हणून त्या वचनांचे कर्तृत्व कोणी शिष्यांकडे देत नाही. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या असंख्य स्त्रियांनी कधी लेखणी धरली नाही. तरी त्या ओव्यांना आपण काव्य म्हणतो. अनुभवाची निवड कोणी केली, काय सांगायचे आणि काय वगळायचे हे कोणी ठरविले, कथनाचा सूर कोणाचा, हे प्रश्न कर्तृत्वाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे होत. त्या दृष्टीने हे पुस्तक हंसाबाईंचे आहे. ज्या आयुष्यात चित्रपटाची निवड इतरांनी केली, पैशाचा हिशेब इतरांनी ठेवला आणि नावसुद्धा सोयीसाठी बदलले गेले, त्या आयुष्यात ही एक गोष्ट पूर्णतः त्यांची स्वतःची होती.

४.१० भाषाविचार

आता पुस्तकाच्या शीर्षकाचा भाषावैज्ञानिक दृष्टीने विचार करू. मराठीत प्रथमपुरुषी वर्तमानकाळात क्रियापदाला लिंगाचा विकार होतो. पुरुष मी सांगतो असे म्हणतो आणि स्त्री मी सांगते असे म्हणते. इंग्रजीत बोलणाऱ्याचे लिंग अशा वाक्यात प्रकट होत नाही. मराठीत ते लपविता येत नाही. सांगत्ये हे यकारयुक्त रूप जुन्या लेखनात व काही बोलींत आढळते आणि त्याला बोलण्याचा स्पष्ट गंध आहे. शीर्षकात मी हे सर्वनाम नाही, तरीही सांगणारी स्त्री आहे हे एका प्रत्ययावरून कळते.

याच्या उलट स्थिती सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात दिसते. मी काम केले, मी पैसे दिले, मी नाव बदलले या वाक्यांत क्रियापद कर्माला अनुसरते. करणारा पुरुष की स्त्री, याचा मागमूस लागत नाही. मात्र मी गेले, मी आले, मी पडले या अकर्मक वाक्यांत बोलणारीचे लिंग पुन्हा प्रकट होते. हंसाबाईंचे कथन वाचताना विद्यार्थ्यांनी ही दोन्ही प्रकारची वाक्ये शोधून पाहावीत. हा व्याकरणाचा नियम आहे, लेखिकेची युक्ती नव्हे. तरीही आत्मकथनात तो कसा अर्थपूर्ण होतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

शीर्षकातील दुसरे पद ऐका हे आज्ञार्थी अनेकवचन आहे. तमाशातील कलावंत समोरच्या प्रेक्षकांना उद्देशून असेच बोलतात. म्हणजे हे आत्मकथन एकांतात लिहिलेली रोजनिशी नाही. ते समोर श्रोता गृहीत धरून केलेले निवेदन आहे. मौखिक कथनाची काही सामान्य लक्षणे आपणांस ठाऊक आहेत : आटोपशीर वाक्ये, मग किंवा आणि यांसारख्या शब्दांनी जोडले जाणारे प्रसंग, सनावळीपेक्षा व्यक्ती व ठिकाणे यांच्या आधारे चालणारी स्मृती, गतकाळ सांगताना मध्येच येणारा वर्तमानकाळ. या लक्षणांच्या आधारे पुस्तकातील एखाद्या प्रकरणाचे विश्लेषण करावे आणि 'स्मृतिचित्रे'मधील एखाद्या प्रकरणाशी त्याची तुलना करावी.

आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. हंसाबाई स्वतःला निर्दोष ठरवीत नाहीत. मद्य, हट्ट, चुकलेले निर्णय, तुटलेली नाती हे सर्व त्या स्वतःच्या खात्यावर जमा करतात. आत्मचरित्रात समर्थनाचा मोह फार मोठा असतो. तो टाळल्यामुळे या कथनाला विश्वसनीयता प्राप्त झाली आहे. स्वतःची कीव करण्याची संधी पदोपदी असताना त्यांनी ती क्वचितच घेतली.

४.११ अखेर आणि उत्तरप्रभाव

पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर हंसाबाईंना फार आयुष्य लाभले नाही. १९७१ साली, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. ज्या वाचकांनी त्यांना पडद्यावर पाहिले होते, त्यांच्या हाती आता त्यांचा आवाज तेवढा उरला होता.

१९७७ साली श्याम बेनेगल यांनी या पुस्तकावर आधारित 'भूमिका' हा हिंदी चित्रपट निर्माण केला. नायिकेचे नाव उषा असे बदलले होते, इतर व्यक्तींची नावेही वेगळी होती. परंतु कथेचा कणा हंसाबाईंचाच होता. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. भूमिका या शब्दाचे मराठीतील अर्थ लक्षात घेण्याजोगे आहेत. नटाने वठवावयाचे पात्र हा एक अर्थ आणि एखाद्या प्रश्नाबाबत घेतलेला पवित्रा हा दुसरा. हंसाबाईंच्या वाट्याला पहिल्या प्रकारच्या भूमिका पुष्कळ आल्या. दुसऱ्या प्रकारची भूमिका त्यांनी आयुष्याच्या शेवटी, पुस्तकाच्या रूपाने घेतली.

या पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही झाला असून भारतीय स्त्रियांच्या आत्मकथनांच्या अभ्यासात त्याचा आवर्जून विचार केला जातो. सत्तरच्या दशकानंतर मराठीत दलित, भटक्या व श्रमिक समूहांतील स्त्री-पुरुषांची आत्मकथने मोठ्या संख्येने आली. त्यांचे सामाजिक अधिष्ठान निराळे आहे आणि 'सांगत्ये ऐका'ला त्या प्रवाहाचे उगमस्थान म्हणणे युक्त होणार नाही. तथापि, प्रतिष्ठेच्या चौकटीबाहेरील व्यक्तीनेही आपले आयुष्य आपल्या भाषेत सांगावे आणि मराठी वाचकाने ते ऐकावे, या गोष्टीची सवय लावण्यात या छोट्या पुस्तकाचा वाटा आहे.

४.१२ समारोप

हंसा वाडकर यांच्या जीवनाकडे दोन प्रकारे पाहता येते. एक, गुणी अभिनेत्रीची शोकान्तिका म्हणून. तसे पाहिले तर मनात करुणा दाटते आणि पुस्तक मिटले की विषय संपतो. दुसरे, एका स्त्रीने स्वतःच्या आयुष्याचा हिशेब अखेर स्वतःच मांडला, या दृष्टीने. तसे पाहिले तर विषय संपत नाही. आपल्या घरात, गावात, फडावर आणि शेतात ज्यांचे सांगणे अद्याप कोणी ऐकून घेतलेले नाही, अशा स्त्रियांकडे आपले लक्ष वळते.

मुक्त विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमात शिकणाऱ्या अनेक विद्यार्थिनींनी लग्नानंतर, मुलेबाळे वाढवून, शेती आणि नोकरी सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. त्यांना या घटकाच्या निमित्ताने एक सुचवावेसे वाटते. आपल्या आईला, सासूला किंवा आजीला तिच्या आयुष्यातील एखादे वर्ष सांगावयास लावावे आणि ते तिच्याच शब्दांत, दुरुस्ती न करता, लिहून घ्यावे. शब्दांकन म्हणजे काय, हे त्याहून चांगल्या रीतीने कोणतेही पुस्तक शिकवू शकणार नाही.

४.१३ सरावासाठी प्रश्न

१. हंसा वाडकर यांच्या नामांतरामागील सामाजिक कारणे स्पष्ट करा.
२. 'संत सखू' आणि 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटांतील भूमिकांच्या आधारे हंसा वाडकर यांच्या अभिनय-कारकिर्दीचा आढावा घ्या.
३. मराठवाड्यातील वास्तव्याचे त्यांच्या जीवनकथेतील महत्त्व विशद करा.
४. शब्दांकित आत्मकथनाचे कर्तृत्व कोणाचे, या प्रश्नाची सोदाहरण चर्चा करा.
५. 'सांगत्ये ऐका' या शीर्षकाचे व्याकरणिक व आशयाच्या दृष्टीने विवेचन करा.
६. उपक्रम : आपल्या कुटुंबातील एका ज्येष्ठ स्त्रीच्या मौखिक कथनाची दोन पृष्ठांची नोंद करा आणि तिच्यातील बोलीची पाच वैशिष्ट्ये नमूद करा.